वकीलसाहेबांच्या माशाचे जंत

चार पोरांचे जंत मी काढले. वावडिंगाचा काढा, वर एरंडेल, नाक दाबायचं, तोंड उघडलं की ओतायचं. या कामात माझा हात धरणारी बाई अख्ख्या अकोल्यात नव्हती. पण एक दिवस माशाचे जंत काढशील असं कोणी म्हटलं असतं, तर त्यालाच मी एरंडेल पाजलं असतं.

मासा यांचा. हे म्हणजे आमचे वकीलसाहेब. मुंबईला अशिलाच्या कामासाठी गेले आणि समुद्रातले तीन मासे आणि दुधाच्या चार कॅनांत समुद्राचं पाणी घेऊन मेलनं परत आले. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर, आणि दिवाणखान्यात काचेच्या पेटीत मासे! मी म्हटलं, "अहो, लोक मुंबईहून लुगडं आणतात." तर म्हणाले, "लुगडं पोहतं का?"

पहिला मासा प्रवासाच्या दगदगीनं गेला. दुसरा यांच्या हुशारीनं. कॅनांतलं पाणी संपत आलं तेव्हा यांना आपला खारपाणपट्टा आठवला. पूर्णेकाठच्या गावांत विहिरीचं पाणी इतकं खारट, की त्यात डाळ शिजत नाही. एका अशिलानं बैलगाडीतून दोन पिंपं आणून दिली. "मीठ ते मीठ," असं म्हणत यांनी एक मासा घंगाळात त्या पाण्यात सोडला. संध्याकाळी मासा आडवा. तेव्हापासून रेल्वेतल्या ओळखीनं मुंबईहून पाणी यायला लागलं. गावात लोक पिण्याच्या पाण्याला रडत होते, आणि आमच्या घरी न पिण्याचं पाणी साडेतीनशे मैलांवरून!

उरला तो एकटा. पिवळा, काळ्या पट्ट्यांचा, चार बोटं लांब. चैत्रात यांना हायकोर्टाच्या कामासाठी दहा दिवस नागपूरला जावं लागलं. जाताना माझ्या हातात फुलस्केप कागद दिला. त्यावर अकरा कलमं. कलम एक, पाण्यात हात घालू नये. कलम चार, डब्यातली सुकट दिवसातून दोनदा चिमूटभर घालावी. कलम अकरा, मासा आजारी दिसल्यास तार करावी.

मी म्हटलं, "तारेची गरज पडायची नाही."

हे हसले. "तुझ्याच्यानं नाही व्हायचं ते. मी येईपर्यंत जिवंत राहिला तरी खूप."

झालं! माझं माहेर अमरावतीचं. आमच्याकडे बाईला 'नाही व्हायचं' म्हटलं की तिचं डोकं फिरतं. म्हटलं, मासा जिवंतच नाही, धडधाकट दाखवीन, आणि तार तर मेले तरी करणार नाही.

तिसऱ्या दिवशी माशाचं पोट आत गेलं. डोकं मोठं, अंग चिपाड. खायचा, पण खाल्लेलं थुंकून टाकायचा, आणि शेपटीमागं पांढरा दोरा लोंबत असायचा. चार पोरांच्या आईला काय सांगायचं? जंत! मी वावडिंग कुटलं, कणकेत मळलं, मोहरीएवढ्या गोळ्या केल्या. त्यानं एक तोंडात घेतली आणि फूः करून बाहेर टाकली. आमच्या थोरल्यानं अगदी अस्सं केलं होतं. पण माशाला नाक कुठं दाबायचं?

शेवटी मोलकरणीबरोबर जनावरांच्या दवाखान्यात निरोप पाठवला. तिथं नवा डॉक्टर आला होता, पंचविशीचा. छप्पन साली बौद्ध झालेल्या घरातला, घराण्यात पहिलाच शिकलेला. आला सायकलवर. पेटीपुढं उकिडवा बसला आणि काचेला नाक लावून मासा बघत राहिला.

"बाई, खोटं कायले बोलू? मले बैलाचं शिकवलं, म्हशीचं शिकवलं. माशाचं कोणी शिकवलं नाई. पण पोट सगळ्याइले सारखंच."

मी विचारलं, "एरंडेल देऊ का पाण्यात?"

"द्या. पाण्यावर तवंग येईन, मासोळी गुदमरून मरीन, जंत बी मरतीन."

अस्सा बोलायचा. त्यानं तो पांढरा दोरा पिचकारीनं बाटलीत ओढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सायकलच्या कॅरिअरला सूक्ष्मदर्शक बांधूनच आला. "पाहा," म्हणाला. मी एक डोळा मिटून पाहिलं. बाई गं! वळवळ, नुसती वळवळ! पुढं वर्षभर मी शेवयांची खीर खाल्ली नाही.

औषध साधंच होतं, लहान मुलांना जंतांवर देतात तीच पांढरी पूड. पंचाईत मापाची. "बैलाचा डोस तोंडपाठ हाये," तो म्हणाला, "पण हा त तीन तोळ्याचा गडी." तीन तोळे म्हटल्याबरोबर मला सोनार सुचला. आमच्या सराफानं गुंजेच्या मापानं पुडीचे इवलेइवले भाग करून दिले. वर विचारलं, "कसलं भस्म आहे, वहिनी?" मी सांगितलं, माशाच्या जंतांची. त्यानं तराजू तीनदा धुतला.

"आता कलेजी लागन," डॉक्टर म्हणाला.

"कसली कलेजी?"

"बकऱ्याची. सुकट औषध धरत नाई. ताजी कलेजी बारीक करायची, त्यात पूड कालवायची, लगेच चारायची. सकाळी मी आणून करून देईन. सांजच्याले मले खेड्यावर जा लागते. ते तुमी करा."

"शिव शिव शिव! मी?"

"मंग मरू द्या," म्हणाला आणि बॅग उचलली.

पुण्याच्या माणसाला असलं बोलणं लागलं असतं. मलाही लागलं, पण जास्त लागलं होतं ते 'तुझ्याच्यानं नाही व्हायचं.' त्या संध्याकाळी परसात न्हाणीपाशी जुनी विळी घेऊन बसले. नाकाला कापूर लावला, डोळे मिटले, रामरक्षा म्हणत चिरायला लागले. रामरक्षा अर्धीही झाली नव्हती, तोच बोट कापलं. सकाळी डॉक्टरनं चिंधी पाहिली. "डोळे उघडे ठेवून चिरा बाई. मासोळीले तुमचं बोट नाई सांगितलं."

मग रोज तेच. चिरायचं, कालवायचं, काडीच्या टोकानं भरवायचं, आंघोळ करायची, आणि मग देवाजवळ दिवा. रामनवमीला सगळं गाव देवळात, आणि मी विळीवर. त्यातच शेजारच्या काकू परसदारानं सुंठवड्याचा प्रसाद घेऊन आल्या. माझे हात लाल.

"अगंबाई, हे काय गं?"

"रक्तचंदन, काकू. सुजेवर चांगलं असतं."

"मग दे की थोडं, माझा गुडघा बघ ना केवढा सुजलाय!" म्हणून त्या पुढं सरकल्या. मी किंचाळलेच, "नको! ते... मंत्रवलेलं आहे!" काकू प्रसाद ओट्यावर ठेवून गेल्या. महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

सातव्या दिवशी दोरा तुटला. पोराच्या तान्हेपणीसुद्धा मी कुणाच्या शेपटीमागं इतकी डोळे लावून बसले नसेन! आठव्या दिवशी माशानं काडीवरची कलेजी हिसकून घेतली, आणि मी एकटीच दिवाणखान्यात टाळ्या पिटल्या. मला रडूच आलं. हो, त्या मेल्या माशासाठी!

अकराव्या दिवशी हे परतले. जोडेसुद्धा न काढता पेटीपाशी गेले, गुबगुबीत मासा पाहिला आणि म्हणाले, "बघ. सूचना पाळल्या की सगळं होतं." मग मी त्यांना एक एक कलम कसं मोडलं ते सांगितलं. कलेजीचं ऐकून ते खुर्चीत बसले ते बसलेच. मी इतकी खूश होते, की त्या दिवशी काहीही मागितलं असतं कुणी, तर दिलं असतं.

संध्याकाळी डॉक्टर शेवटच्या तपासणीला आला. यांनी त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. मी आमच्या ठेवणीतल्या कपात चहा आणला. इतके दिवस तो माणूस आमच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालत होता, आणि चहा ओसरीवर पीत होता, कोनाड्यातल्या वेगळ्या कपात. प्यायला की नळावर धुऊन कप तिथंच पालथा घालायचा. मी काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती.

त्या दिवशीही चहा संपल्यावर तो कप घेऊन उठला आणि सवयीनं नळाकडे निघाला. मी पुढं झाले. "राहू द्या, डॉक्टर. मी धुते ना."

तो थांबला. रागावला वगैरे नव्हता, हसतच होता.

"काहून बाई? मासोळी वाचली म्हून?" कप माझ्या हातात देत म्हणाला, "अन् मेली असती त?"

हे वकील, पण पेटीकडे वळून काच पुसायला लागले. मी कप घेऊन नळावर गेले आणि कितीतरी वेळ तो धूत उभी राहिले.