दादाचा हरवलेला चेंडू

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. गोल्फच्या मैदानावर मुलांना शिकवता शिकवता खाली बसला आणि उठलाच नाही, असं पलीकडचा माणूस सांगत होता. मी वेड्यासारखं विचारलं, "मग आता बरा आहे ना?" महिना उलटला, डोकं अजून तिथंच अडकलंय.

विंचूरच्या कांदेवाल्याच्या घरात गोल्फ कुठून शिरला, हे कोडं कुणालाच सुटलं नाही. दादा कॉलेजसाठी नाशिकला आला, मैदानावर सुट्टीतलं काम धरलं आणि तिथलाच झाला. "कांद्याएवढा बॉल, अन् त्याला एवढं रान लागतं व्हय?" आमचे वडील, अण्णा, चिडवायचे. पुढे नाशिकला नवोदित व्यावसायिक खेळाडूंची एक स्पर्धा सुरू झाली. पहिल्या तिघांना मोठ्या स्पर्धांत थेट प्रवेश मिळणार होता. दादाने त्यावर जीव टाकला होता.

शेवटच्या दिवशी मी आईलाही नेलं. दादा तिसरा होता. त्याचा एक फटका उंच गवताकडे गेला आणि चेंडू सापडेना. आई थकून लांब झाडाखाली बसलेली. बाकी आम्ही सगळे शोधत होतो, दादासुद्धा. चेंडू हरवला की दंड, आणि मागे जाऊन पुन्हा मारायचं. तो मुकाट मागे गेला. शेवटी एका फटक्याने चौथा आला. पुढच्या वर्षी स्पर्धाच झाली नाही... आली तशी गेली.

घरी आल्यावर आईच्या पिशवीतून चेंडू निघाला. "झाडापाशी कुणाचा तरी पडला व्हता, म्हणून उचलला." वावरात काही पडलेलं दिसलं की उचलून ठेवायचं, ही तिची सवयच. चेंडूवर दादाची खूण होती. कुणी उचलला हे तेव्हाच कळतं, तर चेंडू दंडाशिवाय जागेवर ठेवता आला असता. दादा फक्त "बरं केलंस" म्हणाला आणि मला नजरेने गप्प केलं. त्यालाही घरी आल्यावरच कळलं, असं मी इतकी वर्षं धरून चालले.

परवा त्याच्या खोलीत गेले. आई रोज त्याच्या गोल्फच्या काठ्या पुसते. पुसता पुसता म्हणाली, "मी बॉल उचलला ना, तवा त्यानं पाह्यलं व्हतं मला. लांबून हसला. लय गोड हसला."

मग तो आमच्याबरोबर वाकून गवतात काय शोधत होता? त्याचा राग यावा की रडू, मला खरंच कळत नाही. आईला काय सांगणार... मी दुसरं फडकं घेतलं आणि तिच्याशेजारी बसले.