अर्ध्या गोळ्या गावाला

कुवेत सिटीतल्या एका विमा कंपनीत मी फार्मासिस्ट आहे, पण गोळी हातात घेऊन कैक वर्षं झाली. माझं काम बोलण्याचं. पेशंटला फोन करून औषध कसं घ्यायचं ते समजावायचं, आणि डॉक्टरला फोन करून हे महागडं कशाला, विम्यात बसणारं त्याच गुणाचं का नको, ते पटवायचं. दोघंही वैतागतात. सुरुवातीला मीही वैतागायचे, भांडायचे. आता नाही. हेडफोन चढवला की तोंड आपोआप चालतं आणि मी खिडकीतून खालच्या पार्किंगमध्ये कोण गाडी वाकडी लावतंय ते बघत बसते.

खैतान या उपनगरात राहणारा एक सुतार माझ्याकडे आला तो असाच, फोनवर. सिंधुदुर्गातला, पन्नाशीचा, गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहणारा. त्याची साखर उतरत नव्हती आणि पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. डॉक्टरांनी गोळी वाढवली, मग आणखी वाढवली. असंच चाललं तर अंगठा कापावा लागेल, असं त्यांनी मला इतक्या सपाट आवाजात सांगितलं, की मीही तितक्याच सपाट आवाजात "बरं" म्हटलं.

सुताराला मी नेहमीचं पाठ केलेलं विचारलं. जेवणानंतर घेता? होय. चुकवत नाही? नाय. सगळी उत्तरं जिथल्या तिथे. मग काय डोक्यात आलं कोण जाणे, मी विचारलं, "दादा, गावी कोण असतं?"

"आवस आसा," तो म्हणाला. "तिका पण साखर आसा."

टाळकंच सटकलं माझं. मीही कोकणातलीच, आपल्या लोकांची रीत मला काय ठाऊक नाही? कुणी रजेवर निघालं की अख्ख्या खोलीचं सामान त्याच्या बॅगेत. दुधाची पावडर, साबण, बाम, खजूर. आणि इथल्या गोळीला जो गुण तो तिकडच्या गोळीला नाही, हा तर सगळ्यांचा ठाम समज.

"आईला किती पाठवता?"

तो म्हणाला, "अर्ध्योच. तिका मोडून खावक सांगलंय."

मी त्याला चांगलाच झाडला. आईला तिथल्या डॉक्टरकडे न्या म्हटलं, तिची गोळी ते ठरवतील. तुमच्या सगळ्या तुम्ही घ्या, नाहीतर अंगठा जाईल, आणि अंगठा गेला की सुतारकामही गेलं. "होय, बाय," तो म्हणाला.

डॉक्टरांनाही सांगितलं की गोळी आणखी वाढवू नका, पेशंट निम्मीच घेतोय. आणि यापुढे आमच्याकडचा कुणी आला की गावी कोण असतं ते आधी विचारा. डॉक्टर इजिप्तचे. "हा काही वैद्यकीय प्रश्न नाही," म्हणाले. मग चहापाण्याच्या गप्पा म्हणून विचारा, म्हटलं.

पुढचे रिपोर्ट तसेच वाईट आले. मी फोन करत राहिले, तो "होय, बाय" म्हणत राहिला. खोटं बोलतोय हे मला कळत होतं. राग यायला हवा होता, आला नाही. नुसता कंटाळा आला.

मग एकदा रिपोर्ट चांगला आला. साखर उतरलेली, जखम भरत आलेली. डॉक्टरांनी स्वतः फोन करून "मब्रूक" म्हणत अभिनंदन केलं, तुमची शिकवणी लागू पडली म्हणाले. आमच्या साहेबांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्याच दुपारी मी सुताराला फोन लावला.

"शाबास, दादा. आता सगळ्या घेताय ना?"

"घेतंय," तो म्हणाला. "आवस गेली मागच्या म्हयन्यात. रजा गावली नाय. आता कोणाक धाडू, बाय?"

कशाने गेली, ते मी विचारलं नाही. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तोंड आपोआप चालू झालं. जेवणानंतर घ्या. चुकवू नका. पाय रोज बघत जा. तो प्रत्येक वेळी "होय" म्हणाला, आणि या वेळी ते सगळं खरं होतं.