भावजींची गुळाची डबी

साखर सोडली म्हणून सांगणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. ती घरी सोडतात आणि लग्नात धरतात. साखरेशी गावासमोर वैर मांडून ते गाजवणारा माणूस मात्र मी एकच पाहिला, आणि तो नेमका ऊस लावणाऱ्या घरात जन्मला. ते माझे थोरले दीर. ओतूरच्या अलीकडे आमची शेती, त्यात निम्म्याहून जास्त ऊस, तो सगळा कारखान्याला जायचा. आणि त्या उसाचे मालक चहात साखर आहे असं कळलं की पाल पडल्यासारखा कप बाजूला सारायचे.

हे सुरू झालं नव्वदनंतरच्या एका गळीत हंगामात. भावजी उसाच्या ट्रॉलीबरोबर कारखान्यावर गेले होते. नंबर लागायला वेळ होता, म्हणून ओळखीच्या एका कामगाराने त्यांना आत हिंडवून आणलं. रस पांढरा करायला त्याला गंधकाचा धूर देतात, हे त्यांनी तिथे पाहिलं. साखर सगळीकडे अशीच होते, त्यात कारखान्याचं काही चुकत नव्हतं. पण भावजी घरी आले ते सुतकातून आल्यासारखे दारातच हातपाय धुऊन आत शिरले आणि जाऊबाईंना, म्हणजे आक्कांना, म्हणाले, "आपल्या रसाला तितं धुरी देत्यात. भूत लागल्यावर देत्यात तशी. आजपासून या घरात साखर न्हाई."

आक्कांनी विचारलं, डब्यातली संपल्यावर की आत्ताच? ते म्हणाले, आत्ताच. आक्का काटकसरी बाई. त्यांनी डबा उचलून पडवीपलीकडच्या माझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवला. त्या वर्षी माझी साखर उन्हाळ्यापर्यंत पुरली.

लोक विचारायचेच, एवढी शिसारी आहे तर ऊस कशाला लावता? त्यावर भावजींचं उत्तर ठरलेलं होतं. "ऊस म्हंजे आपली पोरगी. कारखान्याला दिली. बाप लेकीच्या सासरी जेवतो का?" विचारणारा पावसापाण्याचं बोलू लागायचा. त्यांच्या मनासारखा निकाल लागलेली ही एवढीच चर्चा असल्यामुळे ती ते पुन्हा पुन्हा घडवून आणायचे.

त्यांच्या बंडीच्या खिशात एक ॲल्युमिनियमची डबी असे. पूर्वी तीत तंबाखू असायची, आता काळा गूळ. पिवळा गूळ त्यांना चालत नसे, कारण गोरेपणावरच त्यांचा राग होता. जुन्नरच्या पेठेत एक म्हातारे मुसलमान व्यापारी भावजींसाठी काळीकुट्ट ढेप मागच्या बाजूला झाकून ठेवायचे आणि हे आले की, "या राव, तुमची काळी मैना राखून ठेवलीय," असं म्हणत बाहेर काढायचे. डबी खिशात, त्यामुळे मुंग्या अंगावर. कपडे झटकल्याशिवाय ते कोणाकडे बसत नसत. एकदा ओतूर-जुन्नर एसटीत त्यांच्या शेजारचा माणूस मांडी खाजवत उठला आणि जुन्नरपर्यंत उभा राहिला. कंडक्टर शांतपणे म्हणाला, "पावणं, तुमचं एक फुल दिलं. मुंग्यांची हाफ तिकिटं काढू का?"

गुळाच्या चहाने आमच्या घरी सुरुवातीला फार छळलं. गूळ आणि दूध एकत्र उकळलं की चहा नासतो. आक्कांचा चहा रोज नासायचा आणि भावजी तो रोज प्यायचे, चमच्याने. पुढे त्यांनीच शोध लावला की गुळाचं पाणी चुलीवरून उतरवायचं आणि दूध मागाहून घालायचं. मग हा शोध पंचक्रोशीत पोहोचवणं आलं. कोणाकडेही गेले की ओट्याशी उभे राहून म्हणायचे, "आदी उतरव. उतरव म्हंतो ना." आमच्या भावकीतल्या नव्या सुना सासूपेक्षा त्यांना जास्त भीत.

दिवाळीला गुळाच्या शंकरपाळ्या झाल्या. आक्कांचा हात चांगला, पण पहिल्या वर्षी पाकाने दगा दिला. माझ्या नवऱ्याने एक शंकरपाळी टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली आणि टेबल कायमचं डुगडुगायचं थांबलं.

दिवाळीलाच कारखान्याची साखरही यायची, सभासदांना स्वस्तात मिळायची ती. घेतली नाही तर हक्क जाईल, म्हणून भावजी ती आणायचे आणि ज्यांच्याशी त्यांचं पटत नसे त्यांना वाटून टाकायचे. ज्याच्यावर राग जास्त, त्याच्या घरी पिशवी मोठी. "खा म्हणावं, आन भोगा." गावाला हे कळायला वेळ लागला नाही. आमच्या बांधाला बांध असलेला शेतकरी वर्षभर गोडीने राहायचा आणि दसरा झाला की बांध कोरायला घ्यायचा.

डॉक्टरांनीही एकदा समजावून पाहिलं की गूळ काय नि साखर काय, एकाच उसाची लेकरं. भावजी म्हणाले, "एका आईची दोन पोरं सारकी निघत्यात का? आमच्या धाकल्याकडं बगा." धाकला म्हणजे माझा नवरा. तो शेजारीच बसला होता.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर माझ्या पुतणीचं लग्न ठरलं. भावजींची ही एकुलती एक. स्थळ मंचरचं. मुलाचे वडील गेलेले, बाजारातली कांद्या-बटाट्याची आडत आईच बघायची. तिने नुसतं बघितलं तरी हमाल पोतं नीट ठेवत. साखरपुडा आमच्या दारात झाला. पुडा मुलाकडचा असतो, तेव्हा त्यात साखरच असणार, हे मी भावजींना आदल्या दिवशीच बजावलं होतं. तेवढं त्यांनी सोसलं. पण मुलीच्या हातात पुडा देऊन झाल्यावर विहीणबाई पेढा घेऊन त्यांच्या तोंडाशी आल्या, आणि भावजी एक पाऊल मागे सरले. खिशातून डबी काढली, उघडली आणि विहीणबाईंपुढे धरली.

विहीणबाईंनी डबीतली मुंगी पाहिली. मग म्हणाल्या, "आमच्या हातचं गोड चालत न्हाई. मंग आमचं घर कसं चालंल?"

पुतणी पुडा हातात धरून बसली होती. ती नवऱ्या मुलाकडे नाही, बापाकडे बघत होती. भावजींनीही ते बघितलं असावं, कारण इतकी वर्षं उसासाठी वापरलेलं उत्तर त्यांनी त्या वेळी खऱ्या लेकीसाठी काढलं.

"तसं न्हाई विहीणबाई. पुडा हातात पडला, पोरगी तुमची झाली. लेकीच्या घरचं बाप खात नसतो."

म्हातारी माणसं माना डोलावू लागली. पण आडत चालवणारी बाई एका बोलीवर सौदा सोडत नाही. "बरुबर हाय," त्या म्हणाल्या. "पर नातू झाला की बाप खातो, ह्ये बी ठाव आसंल. त्याला घिऊन आमच्या दारी याल, त्या दिशी पयला पेढा माझ्या हातचा. समद्यांम्होरं हो म्हणा."

भावजी हो म्हणाले.

लग्नानंतर ते मंचरला जात, पण ओट्यावर बसत. पाणीसुद्धा घरून तांब्यातून नेत. इकडे त्यांच्या निग्रहाची तारीफ व्हायची, तिकडे पुतणीला ऐकून घ्यावं लागायचं की तुझा बाप येतो नि आमच्या माठाला वळसा घालून जातो. तिने मला एकदा सांगितलं, "काकू, आप्पा आले की मला आनंद होतो आणि गेले की दोन दिवस घरात कोणी धड बोलत नाही." मी हे भावजींना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी डबी उघडली आणि न खाता मिटली.

दोन हजारनंतर पुतणी बाळंतपणाला आमच्याकडे आली. मुलगी झाली. बाळ-बाळंतिणीला मंचरला पोहोचवायचा दिवस जवळ आला, तशी भावजींची झोप उडाली. माझ्या नवऱ्याने त्यांना पळवाट काढून दिली. विहीणबाई नातू म्हणाल्या होत्या, झाली नात, म्हणजे बोली लागू होत नाही. मला वाटलं, भावजी त्याला मिठी मारतील. ते उठून उभे राहिले.

"नात काय कमी हाय का? पुन्यांदा ह्ये तोंडातून काडशील तर दिवाळीची समदी साखर तुज्या घरी धाडीन."

मंचरला विहीणबाई ताट घेऊन दारातच उभ्या होत्या. पांढरे, साखर दिसणारे पेढे. भावजींनी डोळे मिटून एक खाल्ला. बराच वेळ चावला. सगळे बघत होते.

"गोड हाय," ते म्हणाले. "पर गंधकाचा वास येतो."

"त्यो तुमच्या डोस्क्यात हाय, पेढ्यात न्हाई. दुसरा घ्या."

त्यांनी दुसरा घेतला. बाळाला घेऊन आत गेलेली पुतणी हसली. त्या घरात तिला मोठ्याने हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानंतर भावजींनी मंचरच्या त्या उंबऱ्यापुरता साखरेशी तह केला. बाकी जग होतं तिथेच राहिलं. आमच्याकडे गूळ, लग्नात गूळ, एसटीत मुंग्या. पण मंचरला गेले की दारात चपला काढायच्या, चपलांशेजारी डबी काढून ठेवायची आणि आत जाऊन नातीला मांडीवर घेत, समोर येईल तो साखरेचा चहा बशीतून प्यायचा. मी एकदा विचारलं, चालतो आता? म्हणाले, "चालत न्हाई. पितो."

भावजी गेले त्याला आता काही वर्षं झाली. जाण्याआधीच्या मंचरच्या खेपेत ते डबी तिथेच विसरले आणि म्हणाले, राहू दे, पुढच्या वेळी घेईन. मी कामानिमित्त मंचरला जाते तेव्हा पुतणीकडे डोकावते. डबी अजून चपलांच्या कोपऱ्यात आहे. आतला गूळ केव्हाच संपला, तरी मुंग्यांची एक ओळ भिंतीवरून उतरते, डबीभोवती फिरते आणि परत जाते. पुतणी स्वच्छतेची मोठी भोक्ती, सगळं घर दोन वेळा झाडते, पण त्या कोपऱ्याला झाडू लावत नाही. एरवी मी तिला बोलले असते. तिथे मी चपला जरा लांब काढते आणि आत जाते.