दाराची बाहेरची कडी

नात हिंगोलीला कॉलेजात शिकत होती. हिवाळ्यात सुट्टीला येताना तिनं मैत्रिणीकडून सीडी लावायचं यंत्र आणलं आणि भर दुपारी खिडक्या लावून एक भुताचा सिनेमा लावला. सून आणि मी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो.

सिनेमात एक शिकलेली बाई. मोठं घर, नवरा साहेब. हळूहळू तिच्या तोंडून मेलेल्या माणसाचा आवाज यायला लागतो. घरचे आरशांवर चादरी टाकतात, तिला एका खोलीत कोंडतात. मला काही भीती वाटली नाही. तोंडाला पांढरं फासलं की झालं भूत, असं मी म्हणाले.

"आजी, भूत न्हाईच त्यात," नात म्हणाली. "आमच्या मॅडमनं सांगितलं. नवरा तिला मारतो, ते तिला कोणाला सांगता येऊन नाही राहिलं. म्हणून भूत बोलतं."

"मग बाप्याच्या आवाजात काहून?"

"बाईच्या आवाजात कोण ऐकतं? आता दार बघ. कडी बाहेरून हाय. लावणारा हात दाखवलाच न्हाई. तो आपण समजून घ्यायचा."

मला समजून घ्यायची गरज नव्हती. आमच्या घरी तो हात माझा होता.

नात तेव्हा दोन वर्षांची असेल. माझा मुलगा बाजाराच्या दिवशी पिऊन यायचा आणि सुनेला मारायचा. मी लेकराला काखेत घ्यायची, बाहेर यायची आणि दाराला कडी घालायची. गल्लीत आवाज जाऊ नये म्हणून. घरातलं घरात राहिलं पाहिजे, असं मला माझ्या सासूनं शिकवलं होतं. नंतर मी सुनेला हळद-तेल लावायची आणि म्हणायची, "तुझा सासरा असता ना, तर याची हिंमत झाली नसती. बापाला लई भ्यायचा."

माझा नवरा तिच्या लग्नाआधीच वारला होता. तिनं त्याला पाहिलेलं नव्हतं.

एका बाजाराच्या दिवशी मी बाहेर पडायच्या आतच मुलानं हात उचलला आणि सुनेनं डोक्यावरचा पदर टाकला. मांडी घालून ताठ बसली. जाड आवाजात म्हणाली, "पोट्ट्या, तंबाखू दे."

मुलगा जागीच खाली बसला. त्यानं चंची काढून दिली. तिनं डाव्या तळहातावर तंबाखू घेतली, उजव्या अंगठ्यानं चोळली. "पुन्हा हिच्या अंगाला हात लावला तर बघ," म्हणाली. तो तिच्या पाया पडला.

मी तिच्या हाताकडे बघत होते. माझ्या नवऱ्याचा उजवा अंगठा कडबा तोडताना कुऱ्हाडीखाली गेला होता. पुढं तो जन्मभर डाव्या अंगठ्यानं तंबाखू चोळायचा. मुलाच्या दारूत ते लक्षात आलं नाही. मला लगेच कळलं.

गप्प बसले. चार महिने घरात मार नव्हता. तेवढ्यावर मी गप्पच राहिले असते, तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण एकदा गल्लीतल्या बाया बघायला जमल्या आणि त्या आवाजानं मला विचारलं, "तू दाराला कडी घालून बाहेर काय करत व्हतीस गं?"

एक बाई फिसकन हसली. "घ्या, मालकानं बराबर धरलं!"

माझी लाज गेली. बाकी काही नाही. सुनेच्या अंगात मालक नाहीत, बाहेरचं काही आलंय, असं मीच सगळ्यांना सांगितलं. आम्ही बौद्ध. देव्हारा माझ्या सासऱ्यानं नदीत सोडलेला. तरी तिला माहेरी नेते असं सांगून मी लांबच्या एका भगताकडे नेलं. त्यानं तिच्या नाकाखाली मिरच्यांची धुरी धरली. तिचे दोन्ही हात मी धरले होते. ती आपल्याच आवाजात ओरडत होती, "आत्याबाई, सोडवा." भगत म्हणाला, भूतच सोंग करतंय. मी हात सोडले नाहीत.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मुलगा पिऊन आला. ती काही बोलली नाही. मी कडी घातली. पुढं बरीच वर्षं तसंच चाललं. पोटाच्या दुखण्यानं त्याची दारू सुटली, तेव्हा मार सुटला. माझ्यामुळं नाही.

सिनेमा संपला. नातीनं विचारलं, "आजी, आपल्यात कोणाच्या अंगात आलं होतं का?"

"आपण असलं मानत न्हाई," मी म्हणाले.

"माझ्या आलं होतं," सून शेंगांवरची नजर न काढता म्हणाली. "तुझ्या आजोबाचं भूत. चार महिने होतं."

नात हसली. "आजोबाचं? मग गेलं कुठं?"

आता सून माझ्याकडे बघत होती.

"मी घालवलं," मी म्हणाले. मग अंगठ्याचं सांगितलं, धुरीचं सांगितलं, कडीचं सांगितलं. 

सून म्हणाली, "तुमी हाताकडं बघितलं, ते मला दिसलं होतं. मला वाटलं, बरं झालं, आत्याबाईला कळलं. आता त्या दार उघडतील."

तिनं टोपलं उचललं आणि आत गेली. दार उघडंच होतं. तिच्यामागं जायची माझी हिंमत झाली नाही.