डाव्या कानातली झांज

लेकीनं ते हेडफोन घेतले तेव्हा त्यांचा आवाज कसा आहे, हे तिनं विचारलंही नव्हतं. फिकट जांभळा रंग, कानावर मऊ गादी आणि डोक्यावरून जाणारा रुंद पट्टा एवढंच तिनं पाहिलं होतं. नागपूरच्या तिच्या कॉलेजात निम्म्या मुलींच्या गळ्यात तसे हेडफोन असायचे. गळ्यातच, कानावर क्वचित. सुट्टीत ती वर्ध्याला, नालवाडीच्या घरी आली की फाटकातून आधी हेडफोन दिसायचे, मग ती. फोटो काढायचा असो की कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची असो, ते गळ्यातून उतरत नसत. माझा नवरा रोहण्याच्या शेतकरी घरातला. तिला बाहेर निघताना पाहिलं की हमखास विचारायचा, "पोळ्याच्या बैलावानी माळ घालून कुठं चालली वं?"

मग एका सुट्टीत ती आली ती वैतागूनच. होस्टेलमधल्या मैत्रिणीनं तिला आपल्या साध्या काळ्या, वायरच्या हेडफोनवर एक गाणं ऐकवलं होतं. गाणं तिचं पाठ होतं. पण गायिकेनं कडवं उचलण्याआधी घेतलेला श्वास तिला पहिल्यांदा ऐकू आला. "आई, तो श्वास तिथं होताच ना? मंग मले इतके दिवस काऊन नाई आला?" असं ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली, जणू मीच तो लपवून ठेवला होता.

तेव्हापासून घरात स्वस्थता उरली नाही. जांभळ्या हेडफोनमध्ये नुसता ढोल फुगवलाय, असं तिचं मत झालं. ती फोनवर तासन्‌तास काहीतरी वरखाली करायची, एकच ओळ चार प्रकारे वाजवायची. टीव्हीचा आवाज डब्यातून येतो म्हणून तिनं टीव्ही भिंतीपासून पुढे ओढला. नवरा म्हणाला, "आवाज येते ना? झालं तं मंग." पण तिचं झालेलं नव्हतं. तिला कुणीतरी सोबत ऐकणारं हवं होतं, आणि बापाकडून आशा नव्हती म्हणून ती माझ्याकडे आली.

माझा अंबाडा आडवा येत होता. पट्टा त्याच्या पुढे बसवून तिनं ते जांभळे हेडफोन माझ्या कानावर चढवले आणि एक जुनं गाणं लावलं. माझ्या शाळकरी वयात रेडिओवर लागायचं ते. बासरी उजवीकडून आली, आवाज बरोबर कपाळाच्या मधोमध आला. मला खरोखर हसू आलं, इतकं छान वाटलं.

"आता डाव्या बाजूले ध्यान दे," ती म्हणाली. "बारीक झांज वाजून राह्यली. ऐकू येते?"

"नाई."

"अवं, नीट ऐक ना. दर ओळीले येते."

"नाई येत, बाई. तुझं यंत्र बिघडलं असंल."

तिनं हेडफोन स्वतःच्या कानाला लावले, मान डोलावली आणि पुन्हा मला दिले. नाही. मग तिनं ते उलटे केले, डावी बाजू माझ्या उजव्या कानावर. लगेच झांज आली. लख्ख, ताटलीवर वाटाणे पडावेत तशी. आणि मघाची बासरी, जी आता डाव्या कानात असायला हवी होती, ती कुठंतरी भिंतीपलीकडे गेल्यासारखी झाली.

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. मी हेडफोन काढून तिच्या हातात दिले आणि कुकर लावायला उठले.

त्या दिवसानंतर माझं मन थाऱ्यावर राहिलं नाही. मी केळझरच्या शाळेत शिकवते, रोज वर्ध्याहून एसटीनं जाते. बसमध्ये बसल्या बसल्या मी डाव्या कानाजवळ बोटं चोळून पाहायची, मग उजव्या कानाजवळ. उजवीकडे कागद चुरगळल्यासारखा आवाज, डावीकडे फक्त बोटांचा स्पर्श. शेजारच्या बाईनं विचारलं, "कान दुखून राह्यला का?" मी नाही म्हटलं आणि दोन थांबे जाताच पुन्हा चोळायला लागले. फोन मी कायम उजव्या कानाला लावते हे तेव्हाच लक्षात आलं. बसमध्ये मी नेहमी डाव्या खिडकीशी का बसते, तेही कळलं. शेजारी बसणारीचं बोलणं माझ्या उजव्या कानावर यावं म्हणून. हे मी कधी ठरवलं नव्हतं. माझ्या शरीरानं मला न विचारता परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि त्याचंच मला जास्त भय वाटलं. आणखी काय काय ठरवलं असेल त्यानं?

वर्गात मी डावीकडच्या बाकांपाशी जास्त जायला लागले. सेलूला गाडी थांबली की बाहेरच्या फेरीवाल्यांच्या हाका दोन्ही कानांनी वेगवेगळ्या ऐकून बघायची. कान झाकायचा, उघडायचा. घरी नवरा काही बोलला की मी मुद्दाम मान वळवायची नाही. मग त्याचं अर्धं वाक्य सुटायचं आणि मी चिडायची. शेवटी त्यानंच गॅस बंद करून मला समोर बसवलं.

"काय होऊन राह्यलं तुले? कावरीबावरी झाली तू."

मी झांजेची गोष्ट सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाला, "मले वाटे तू माझंच ऐकत नाई. कानाचं हाय का हे?" त्याच्या आवाजात मला सुटल्याचा भाव स्पष्ट ऐकू आला. मला रडू येत होतं, पण मी हसले.

पुढच्या शनिवारी शाळा सकाळची होती. दुपारी लेकही नागपूरहून आली आणि आम्ही तिघं कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कानात पाहिलं, मळ नाही म्हणाले आणि मला तपासणीच्या खोलीत पाठवलं. काचेची खिडकी असलेली ती लहानशी खोली होती, भिंतींना सगळीकडे मऊ गादी. बाहेरचं सगळं एकदम बंद झालं. तपासणाऱ्या मुलीनं माझ्या कानावर जडशीळ करडे हेडफोन बसवले. त्यांची गादी सोलवटलेली होती. कुणी फुकट दिले तरी गळ्यात घालणार नाही असे. "आवाज आला की बटण दाबा," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

उजव्या कानाचं काम सोपं होतं. डावा कान सुरू झाला आणि मी अस्वस्थ झाले. आवाज आला की मला वाटलं? मी दाबलं. मग भीती वाटली की खोटं दाबलं. मग खरा आला असेल तेव्हा दाबलं नाही. परीक्षेत नापास होणाऱ्या मुलीसारखी मी काचेतून त्या पोरीच्या चेहऱ्याकडे उत्तर शोधत होते. तिनं मान खाली घातली होती.

डॉक्टरांनी आलेख समोर ठेवला. उजव्या कानाची रेघ बऱ्यापैकी सरळ होती. डावी थोडी सरळ जाऊन घाटातून उतरावी तशी खाली गेलेली. बारीक, उंच आवाज त्या कानाला पोचत नव्हते. नस दुबळी झाली आहे, म्हणाले. कधीपासून, कशानं, ते सांगता येणार नाही. आणखी एक तपासणी करू, पण औषधानं परत येईल असं दिसत नाही. ऐकण्याचं मशीन लावा.

दुसऱ्या तपासणीत भिण्यासारखं काही निघालं नाही. तरी मी घरी येऊन म्हटलं, "मी मशीन लावणार नाई. म्हातारी दिसीन मी. पोरं हासतीन वर्गात."

"चष्मा तं लावते ना तू?" नवरा म्हणाला.

"चष्मा वेगळा."

लेक म्हणाली, "आई, माझ्या कॉलेजात कानावर एवढं मोठं दिसावं म्हणून पोरी वेड्या होतेत. अन् तू नखाएवढं दिसल म्हणून घाबरून राह्यली."

मला तिचा राग आला. तिचे हेडफोन हवे तेव्हा काढून ठेवता येतात, माझं तसं नाही, असं मी म्हटलं. ती ओशाळली आणि मग आम्ही दोघींनी त्या विषयावर बोलणं सोडलं. पण मनाची तगमग थांबेना. वर्गात एक मुलगी डावीकडच्या बाकावरून काहीतरी म्हणाली आणि सगळा वर्ग हसला. मी सोबत हसले. काय म्हणाली ते मला कळलंच नव्हतं. त्याच आठवड्यात मी पुन्हा दवाखान्यात गेले.

तपासणाऱ्या मुलीनं ट्रे समोर ठेवला. कातडीच्या रंगाची, केसांच्या रंगाची मशीनं होती, कोपऱ्यात एक गर्द लाल. "ही घ्या, अजिबात दिसत नाही," ती सवयीनं म्हणाली.

"दिसू द्या," मी म्हटलं. "आवाज कसा आहे ते सांगा. झांज झांजेसारखी येईल की पत्र्यासारखी?"

ती थबकली. "मॅडम, हे कुणी विचारत नाही. सगळे दिसतं का, एवढंच विचारतात."

आमच्या घरात आवाजाशिवाय दुसरा विषय चालत नव्हता त्याला मी काय करणार? मी लाल उचललं.

झांज पत्र्यासारखीच आली. पहिले दिवस तर भयंकर गेले. प्लास्टिकची पिशवी कानात फाटल्यासारखी वाजायची, एसटीच्या काचा डोक्यातच आदळायच्या. सेलूच्या पुढे मी मशीन काढून पर्समध्ये टाकायची आणि शाळेच्या फाटकाशी पुन्हा घालायची. दर शनिवारी दवाखान्यात जाऊन सांगायची, उंच आवाज टोचतात, थोडे कमी करा. पुढच्या शनिवारी सांगायची, आता फारच कमी झाले. ती मुलगी न कंटाळता कॉम्प्युटरवर रेघा हलवायची. लेक फोनवरून विचारायची, "आज 'स' कसा आला? 'श' कसा?" दोन्ही अजून कुकरच्या वाफेसारखेच येतात. पण कोणता कुठून आला ते कळतं.

पोरं हसली नाहीत. एकीनं विचारलं, "मॅडम, हे ब्लूटूथ हाय का?" मी हो म्हटलं, कारण फोन त्याला खरंच जोडता येतो. मधल्या सुट्टीत सगळ्या ते बघून गेल्या. गेल्या सोमवारी मात्र आमचे गणिताचे सर माझ्या टेबलाशी उगाच रेंगाळले. निवृत्तीला आलेले, वर्गात मोठ्यानं बोलणारे. इकडेतिकडे पाहून त्यांनी विचारलं, "मॅडम, त्याच्यातनं बोलणं कसं येते?"

"चांगलं नाई येत अजून," मी खरं ते सांगितलं. "पण येते. शनिवारी मी जाणार आहे. चलता का?"

ते वर्गाकडे निघाले. दारातून परत फिरले आणि म्हणाले, "किती वाजताच्या गाडीनं?"