बेहड्याची ढोली

लोंढ्याच्या मालधक्क्यावर मी कारकून होतो. घर रुळांच्या कडेनं तासाभराच्या वाटेवर. पक्षी बघायची हौस मला तेव्हाही नव्हती, आजही नाही. मी खाली बघूनच चालायचो, कारण स्लीपरांवरून चालताना वर बघणारा तोंडावर पडतो.

शिमगा होऊन गेला होता. एका सकाळी कामावर जाताना नाल्याच्या पुलाअलीकडे मागून इतका मोठा आवाज आला, की इंजिन आलं समजून मी रुळांवरून बाजूला उडी मारली. इंजिन नव्हतं, धनेश होता; आवाज त्याच्या पंखांचा. हा पक्षी खोल रानातला. धुराच्या, शिट्ट्यांच्या वाटेवर तो कशाला येईल? पण तो माझ्यादेखत कडेच्या बेहड्यावर उतरला आणि खोडाला धरून बसला. खोडात ढोली होती. तिचं तोंड लिंपून बंद केलेलं, मधे फक्त एक उभी फट. घशातून एकेक उंबर वर काढून तो त्या फटीत द्यायचा आणि आतून एक चोच येऊन ते घ्यायची.

अंडी घालायच्या वेळी मादी स्वतःला असं कोंडून घेते आणि नर तिला बाहेरून चारतो, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक असतं. आणखी एक गोष्ट ठाऊक असते. बाळंतपणात बाईचा पाय धरला, तर धनेशाच्या चरबीचं तेल चोळायचं.

माझी बायको तेव्हा त्याच दुखण्यानं पडून होती. दुसरं बाळंतपण आमच्या घरी झालं आणि तिचा उजवा पाय कमरेपासून गेल्यासारखा झाला. बारसं झालं तरी ती बाळंतिणीच्या खोलीतच होती. खिडकीला गोणपाट, खाटेखाली शेगडी, ओव्याचा धूर, आणि जेवणाचं ताट दारातून आत. आईनं मामाला निरोप धाडून ठेवला होता. मामाकडे ठासणीची बंदूक होती. पाखरू तेवढं मिळत नव्हतं. मी कामावरून आलो की आई रोज विचारायची, "दिसलं का रं कुटं?"

त्या दिवशीही तिनं विचारलं. बायकोला आधी सांगावं म्हणून मी "न्हाय" म्हणून आत गेलो. औषध सापडलं, आता ती चालू लागणार, या आनंदात मी होतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "रोज येतंय चारायला?"

"येत असंल. तिला दुसरं कोण हाय?"

"आन् त्येला मारल्यावर?"

तिनं मांडीवरच्या पोराला दुसऱ्या बाजूला घेतलं. पाय हलताच तिचे ओठ आवळले गेले.

"आत्याबाईस्नी सांगू नगासा," ती म्हणाली. "मला ताट येतंय तसं तिला येऊ द्या."

मला तिचा राग आला. पाय तिचा, दुखणं तिचं, आणि दया एका पाखराची! पण तिचा शब्द मोडवला नाही. आईला मी रोज "न्हाय" सांगत राहिलो. आई देवीला नारळ बोलत राहिली, करंजाचं तेल चोळत राहिली. एकदा बायको दुखण्यानं इतकी ओरडली, की मी तडक मामाच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. मामा म्हणाला, "काय रं?" मी म्हणालो, "जरा तंबाखू द्या." मी तंबाखू खात नाही हे त्याला माहीत होतं. तरी त्यानं दिली आणि ती मुठीत धरून मी घरी आलो.

रोज संध्याकाळी बायको विचारायची, "आलतं का?" मी म्हणायचो, "आलतं." त्यासाठी मला सकाळी बेहड्याखाली थांबावं लागे आणि धक्क्यावर उशिराबद्दल बोलणी खावी लागत.

पावसाच्या तोंडाला एके सकाळी ढोलीचं लिंपण फुटलेलं दिसलं. मादी बाहेर फांदीवर बसली होती, पिसं विस्कटलेली, अंग मळकट. मला ती काही देखणी वाटली नाही. घरी येऊन सांगितल्यावर बायको रडली. त्याच आठवड्यात तिनं पहिल्यांदा पाय जमिनीला टेकवला. पण तो तेवढाच सुधारला. पुढं ती जन्मभर लंगडत चालली.

आता आम्ही दोघंही म्हातारे झालो. थंडीत पाय फारच ठणकू लागला की ती विचारते, "त्या त्येलानं गुण आला असता का वो?"

"खुळी हायस का? पाखराच्या चरबीनं कुटं पाय बरा हुतोय?" मी दर वेळी हेच सांगतो. खरं काय ते मला माहीत नाही.

"मग बरंच झालं," ती म्हणते आणि भिंतीला धरून उठते.