अप्पांचं एक ते चार

“चायना माल! आठ दिवसांत बिघडतो, दहाव्या दिवशी भंगारात जातो, आणि आमचे चिरंजीव त्यांच्याच कंपनीत निघालेत! वाजवा टाळ्या!”

देवरुखच्या एसटी स्टँडवर अप्पा ओरडत होते. अप्पा म्हणजे माझे वडील. मोटर रिवाइंडिंग, मिक्सर, पंखे आणि पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात हयात गेलेली. आवाज असा, की मार्लेश्वरचा धबधबा दचकून दोन मिनिटं थांबला होता असं तिकडची माणसं अजून सांगतात. मी बोरिवलीच्या गाडीत खिडकीशी, मांडीवर आईनं दिलेलं फणसपोळीचं पुडकं. आमच्या आळीतून आखातात गेलेला मी काही पहिला नव्हे, पण चिनी कंपनीत जाणारा पहिला. अप्पांच्या लेखी हे म्हणजे शत्रूच्या फौजेत भरती होणं. स्वस्तातले चिनी पंखे आले आणि लोकांनी पंखा दुरुस्त करणंच सोडलं. बिघडला की टाकला, नवा आणला. ज्यांनी बापाचा धंदा खाल्ला त्यांच्याच पंगतीला मुलगा जेवायला चाललेला!

एवढ्यावर गाडी सुटली असती तर बरं झालं असतं. पण आवाज मी त्यांच्याकडूनच घेतलेला. खिडकीतून निम्मा बाहेर येऊन मीही ओरडलो, “अप्पा, ती कंपनी जगाच्या यादीत आहे, आणि तुमचं दुकान अजून पत्र्याचं! का माहीत आहे? जग काम करतं तेव्हा तुम्ही झोपता! एक ते चार!”

स्टँडवरचे भजी तळणारे थांबले. घंटेची दोरी कंडक्टरच्या हातातच राहिली. आमच्या दुकानावर अप्पांनी स्वतः रंगवलेली पाटी होती, ‘दुपारी १ ते ४ बंद. मोटर जळली असली तरी.’ सगळं गाव त्या पाटीला हसायचं, अप्पाही हसायचे. मी आज हसून बोललो नव्हतो, एवढाच फरक. अप्पांनी मनगट वर केलं. घड्याळाकडे पाहिलं, एक वाजायला पाच मिनिटं होती. वळले आणि शटर ओढायला निघून गेले. गाडी सुटली तेव्हा हात हलवायला फक्त आई होती.

तर देवरुखकरांनो, आणि शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकून हे वाचत बसलेल्या समस्त कोकण्यांनो, त्यानंतरची आठ वर्षं मी तुम्हाला थोडक्यात सांगतो. सुरुवातीला करामा नावाच्या वस्तीत बेडस्पेस, म्हणजे एका खाटेपुरती जागा, भाड्यानं घेतली. एका खोलीत आठजण. कूस बदलायची तर सगळ्यांनी एकदम, शिट्टीवर. ऊन असं, की रस्त्यावर माझी सावलीच माझ्या आधी धावत जाऊन मेट्रोच्या एसीत उभी राहायची. पुढे बढती मिळाली, मृणालशी लग्न झालं, सई झाली, करामातच दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला भाड्यानं. खाली मराठी माणसाचं वडापावचं दुकान, समोर केरळी न्हावी, वरच्या मजल्यावर फिलिपिनो नर्सबाई, आणि सगळ्यांचं एकमेकांशी बोलणं हिंदीत. यल्ला म्हणजे चला आणि खलास म्हणजे संपलं, हे दोन शब्द आले की इथला निम्मा संसार आटोपतो.

आणि कंपनी! नाव सांगत नाही, एचआर वाचतं. दरवर्षी उलाढालीवर चिनी कंपन्यांची यादी निघते. वरती बसतात ते अजस्र सरकारी हत्ती, कुणी अख्ख्या देशाची वीज वाहून नेतो, कुणी तेल काढतो, कुणी रस्ते, पूल आणि रेल्वे बांधतो. मग घरपोच सामान विकणारे, फोनवाले, गाड्यावाले, बॅटरीवाले. आमची बॅटऱ्यांची, इन्व्हर्टरची आणि सोलरच्या पॅनेलांची. यादीत आमचा नंबर बऱ्यापैकी वर. आमची उलाढाल ऐकून माझ्या कॅल्क्युलेटरनं एकदा रजेचा अर्ज दिला होता. दरवर्षी मी ती यादी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचो. अप्पांचं उत्तर आईमार्फत यायचं: “हे म्हणतायत, यादीत येणं वेगळं आणि टिकणं वेगळं.” माझ्याशी ते फोनवर बोलायचे, नाही असं नाही. पाऊस किती झाला ते सांगायचे. पण ‘तुझ्याकडे येतो’ म्हणून काही म्हणायचे नाहीत.

एक गोष्ट मात्र मी आठ वर्षं गावाला कळू दिली नव्हती. आज सांगतो.

मरीनातल्या आमच्या ऑफिसातला माझा पहिला दिवस. उंच इमारत, काचेतून समुद्र, भिंतीवर यादीतला आमचा नंबर हत्तीएवढ्या अक्षरांत. साडेबाराला जेवणं झाली आणि अचानक सगळे दिवे गेले. पडदे खाली आले. बघतो तर काय, चाळीस माणसं आडवी! कुणी टेबलावर डोकं टाकून, कुणी खुर्चीत मान मागे, कुणी चक्क जमिनीवर. मी अप्पांचा मुलगा, लहानपणापासून कानांवर आलेलं, ‘गॅस चढला की आधी मेन स्विच, मग माणूस ओढ.’ मेन स्विच आधीच बंद होता. राहिला माणूस. जवळच आडवा पडलेला इसम मी बगलेत हात घालून ओढायला लागलो आणि बोंब मारली, “गॅस! गॅस! उठो भाई, यल्ला!” त्याला जिन्यापर्यंत नेला. तिथे त्यानं एक डोळा उघडला आणि इंग्रजीत शांतपणे विचारलं, “दोन वाजले का?”

ते आमचे रीजनल हेड निघाले, मिस्टर लियांग.

गॅस वगैरे काही नव्हतं. ती त्यांची रीत. जेवण झालं की दिवे बंद, दोन वाजेपर्यंत झोप. प्रत्येकाच्या टेबलाखाली घडीची खाट, उशी, पांघरूण. मुख्य ऑफिसात तर म्हणे हजारो माणसं एकदम निजतात, आणि त्या घोरण्यावर जनरेटर चालवायची योजना आमच्याच आर अँड डीकडे विचाराधीन आहे. पुढे उन्हाळा आला, तेव्हा कळलं की भर उन्हात दुपारी साइटवर काम घ्यायला इथल्या सरकारचीच मनाई. म्हणजे यादीतली कंपनी झोपते, अख्खं वाळवंट थांबतं, आणि मी देवरुखच्या स्टँडवर गावासमोर बापाला काय सुनावून आलो होतो?

त्याच दिवशी फोन करायला हवा होता. केला नाही. ‘उद्या करू’ म्हटलं. हा उद्या आठ वर्षं लांबला.

शेवटी आईनं हुकूम काढला. सईच्या वाढदिवसाला दोघं यायचे म्हणजे यायचे, महिनाभर राहायचे. अप्पा आले. शर्टाच्या खिशात टेस्टर, तो विमानतळावर काढून घेतला म्हणून तोंड वाकडं. घरात शिरल्या शिरल्या एकेक वस्तू उलटी करून वाचायला लागले. मिक्सर, केटल, इस्त्री, सईची बाहुली. सगळ्यांच्या बुडाशी एकच देश. शेवटी देवघरातला बॅटरीचा दिवा उलटा केला, हात जोडले आणि तसाच सरळ ठेवला.

आई म्हणाली, “अहो, दुकानातला तुमचा मीटर कुठला आहे? वीस वर्षं वापरताय.”

“त्याचं लेबल पुसलंय,” अप्पा म्हणाले.

इथवर मजा होती. खरा घोळ दुपारी झाला. अप्पांचं एक जुनं वाक्य आहे, मी ते लहानपणापासून ऐकतोय: “रात्री काय, दमलेला माणूस स्टँडवरच्या बाकावरही झोपतो. दुपारची झोप लागते ते आपलं घर.” ते आत्याकडे, काकांकडे, कुठेही गेले तरी दुपारी नुसते बसून राहायचे. आमच्याकडेही तेच झालं. एक वाजला की अप्पा सोफ्यावर ताठ, हात गुडघ्यांवर. आई मस्त घोरतेय, मृणालनं दिवाणावर नवी चादर घातलीय, आणि हे नुसते बसून. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. सई रोज विचारायची, “आजोबा, व्हाय आर यू सिटिंग लाइक अ वॉचमन?” डोळे लाल झाले, पण पाठ काही टेकली नाही.

नवव्या दिवशी मला म्हणाले, “विनू, तिकीट अलीकडचं मिळतं का बघ. रविवारचं.”

मी त्या दिवशी जेवलो नाही, म्हणजे नेहमीपेक्षा एक पोळी कमी जेवलो. अप्पा असे परत गेले तर ‘पोराकडे जाऊन आलो’ असं गावात सांगतील, अगदी एखाद्या लॉजवर उतरून आल्यासारखं. पुन्हा यायचे नाहीत.

मृणालला माझं गुपित ठाऊक होतं. ती म्हणाली, “तिकीट काय बघतोस? त्यांना ऑफिसला ने. दुपारी. आणि सांगून टाक एकदा.”

नेलं. लियांगसाहेबांनी दारात येऊन अप्पांचं स्वागत केलं आणि हत्तीएवढा नंबर दाखवला. अप्पांनी वरपासून खालपर्यंत नंबर वाचला आणि मला म्हणाले, “विचार त्यांना, माल बिघडला तर दुरुस्त करतात की बदलून देतात?”

मी विचारलं. लियांगसाहेब अभिमानानं म्हणाले, “बदलून देतो. ताबडतोब.”

अप्पांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की आमचा नंबर जागच्या जागी दोन पायऱ्या घसरला. तेवढ्यात साहेबांनी थर्मासातलं गरम पाणी पुढे केलं. त्यांच्याकडे थंड पाणी कुणी पीत नाही. आणि अप्पा! फ्रिजच्या पाण्याशी त्यांचं चाळीस वर्षांचं वैर. एक घोट घेतला आणि पहिल्यांदाच म्हणाले, “माणूस बरा दिसतोय.”

साडेबारा झाले. दिवे गेले.

“फ्यूज उडाला!” अप्पा उठलेच. हात सवयीनं टेस्टरसाठी रिकाम्या खिशाकडे.

“फ्यूज नाही, अप्पा. झोपलेत.”

“कोण?”

“सगळेच.”

अप्पांनी अंधारात नीट पाहिलं. चाळीस माणसं, शिस्तीत आडवी. “ही यादीतली कंपनी?”

“हीच.”

“रोज झोपतात?”

“रोज.”

“तुला कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी.”

“म्हणजे आठ वर्षं झाली,” अप्पा म्हणाले.

“अप्पा, तेव्हा स्टँडवर मी जे बोललो...”

“श्श. माणसं झोपलीत.”

लियांगसाहेबांनी स्वतःची खाट उलगडून पुढे केली. अप्पांनी हात जोडून नको म्हटलं. मी साहेबांना हळूच सांगितलं, यांना दुपारी फक्त स्वतःच्या घरीच झोप लागते. साहेब जरा थांबले आणि म्हणाले, “मलाही. अकरा वर्षं मी इथे नुसते डोळे मिटून पडतो. तू मला जिन्यापर्यंत ओढलंस ना, तेव्हाही जागाच होतो. म्हटलं, बघू कुठपर्यंत नेतो.”

हे मी अप्पांना भाषांतर करून सांगितलं, ओढाओढीसकट. अप्पा तोंडावर रुमाल धरून हसले. इतके हसले की खुर्ची हलत हलत फोटोकॉपी मशीनपर्यंत गेली. मग दोन वाजेपर्यंत दोघं खिडकीशी शेजारी शेजारी बसून गरम पाणी पीत राहिले. भाषा एकाची दुसऱ्याला येत नव्हती. गरजही पडली नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, मला अर्धा दिवस. घरी आलो, जेवलो. मृणाल आईला आणि सईला घेऊन मॉलमध्ये गेली. एक वाजला. मी पडदे ओढले, दिवे बंद केले, फोन बंद केला, एका कागदावर ‘१ ते ४ बंद’ लिहून बाहेरच्या दारावर चिकटवला. वडापाववाला म्हणतो, त्या दिवसापासून आमच्या मजल्यावर लिफ्टही दबकत येते.

खाली चटई टाकून मी आडवा झालो. अप्पा सोफ्यावर ताठ बसले होते. थोड्या वेळानं दिवाण करकरला. डाव्या कुशीवर वळता वळता अप्पा म्हणाले, “हा एसीही तिकडचाच का रे?”

“तिकडचाच. पाच वर्षं झाली. एकदाही उघडला नाही.”

“हं.”

शाळेत असताना मी असाच दुकानात, पत्र्याखाली, तांब्याच्या तारेच्या रिळांमध्ये त्यांच्याशेजारी पडायचो. वार्निशचा वास यायचा. बाहेर कुणीतरी जळकी मोटर घेऊन ताटकळत असायचं आणि अप्पा निवांत असायचे. जगातली सगळ्यात मोठी उलाढालवाली कंपनी तेव्हा आमचीच होती, कारण चार वाजेपर्यंत तिला कुणाचीही गरज नव्हती.

छताकडे बघत मी बोलायला लागलो. सगळं बोललो. चुकलं माझं, म्हटलं. गावासमोर बोलायला नको होतं, म्हटलं. पहिल्याच दिवशी कळलं होतं, तरी फोन केला नाही, हेही सांगितलं. आयुष्यात एकदाच मी काही न वाढवता बोललो, आणि ते जेमतेम दोन मिनिटांत संपलं. एसी घरघरत होता.

चारला अप्पा उठले. चष्मा शोधला. मी चहा टाकला आणि कप हातात देताना विचारलं, “अप्पा, मघाशी मी बोललो ते ऐकलंत ना?”

“नाही,” अप्पा म्हणाले. “झोप लागली होती.”